टीएसएच नॉर्मल, पण जिना अजून उंचच

खुर्चीवर गुडघे टेकवून पावलं मागे लोंबती सोडायची आणि टाचेच्या वरच्या कंडरेवर रबरी हातोडीचा हलका ठोका द्यायचा. पाऊल झटकन हलतं आणि लगेच पूर्ववत होतं. थायरॉइड बरंच मंदावलेल्या माणसाच्या पायाकडे अशा वेळी नीट बघावं. ठोक्याला उत्तर मिळतं, पाऊल हलतं. परत येताना मात्र ते रेंगाळतं, पाण्याखाली असल्यासारखं सावकाश जागेवर येतं. वैद्यकात याला वोल्टमनचं चिन्ह म्हणतात. रक्तातली संप्रेरकं मोजणं आजच्याइतकं सोपं नव्हतं, तेव्हा या परतीला लागणारा वेळ यंत्राने मोजून थायरॉइडचा अंदाज बांधत असत.

हे रेंगाळणं कुठून येतं? स्नायूच्या तंतूत कॅल्शियमच्या बारीक पिशव्यांचं जाळं असतं. मज्जातंतूचा निरोप आला की त्यातून कॅल्शियम बाहेर सांडतं आणि तंतू आखडतो. तो सैल पडायचा तर सांडलेलं कॅल्शियम पुन्हा पिशवीत भरावं लागतं. ते काम सर्का नावाचे पंप करतात, आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतात. हे पंप किती बनवायचे याचा हुकूम थायरॉइडचं संप्रेरक देतं. हुकूम कमी आला की पंप कमी, म्हणून आखडणं झालं तरी सैल होणं लांबतं. सकाळी उठताना अंग ताठ वाटतं, पोटरीत गोळे येतात, घट्ट झाकण पिळून झाल्यावर मूठ चटकन उघडत नाही, या साऱ्या तक्रारींची एक मुळी इथे आहे. वय झालं म्हणून त्या सोडून देण्यासारख्या नसतात.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. प्रत्यक्ष पेशीत काम करतं ते टी-३. टी-४ मधला आयोडीनचा एक अणू काढला की टी-३ तयार होतं, आणि शरीरातल्या टी-३ पैकी साधारण ८० टक्के असं ग्रंथीबाहेरच बनतं. स्नायू स्वतः थोडं बनवतो, बरंचसं रक्तातून उचलतो. पेशीच्या केंद्रकात जाऊन टी-३ जनुकांना कामाला लावतं: कॅल्शियमचे पंप, आकुंचन घडवणाऱ्या मायोसिनच्या जलद जाती, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया, आणि त्या मायटोकॉन्ड्रियांचा मुकादम म्हणावा असा पीजीसी-१-अल्फा हा रेणू. टी-३ तुटपुंजं झालं की जलद तंतू बारीक होत जातात आणि संथ तंतूंचं प्रमाण वाढतं. साठवलेलं ग्लायकोजेन फोडून वापरणंही अवघड होतं. कोठार भरलेलं असतं, पण दार उघडत नाही. म्हणून जिन्याच्या दहाव्या पायरीवर मांड्या जड होतात, केस विंचरताना हात दुखून खाली घ्यावे लागतात. अशक्तपणा खांदा आणि कंबर यांच्याजवळच्या मोठ्या स्नायूंत जास्त दिसतो, बोटांत कमी.

तंतूंची भिंतही झिरपते आणि आतलं क्रिएटिन कायनेज हे प्रथिन रक्तात उतरतं. लॅबच्या कागदावर ते सीपीके म्हणून छापलेलं असतं. त्याच्याच सोबत एसजीओटी आणि एलडीएच ही पेशींतली आणखी दोन प्रथिनं रक्तात वाढतात, क्रिएटिनिनही थोडं चढतं. इथे एक नेहमीची गफलत होते. एसजीओटी वाढलेलं दिसलं की यकृताच्या मागे लागतात, क्रिएटिनिन दिसलं की मूत्रपिंडाच्या. एक टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं आणि थायरॉइड मंदावलं की चढणारं पिट्यूटरी ग्रंथीचं संप्रेरक, मोजला असता तर दोन्हींचा उलगडा झाला असता. कोलेस्टेरॉलचंही तसंच. थायरॉइड कमी असताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तातून नीट उचललं जात नाही, आकडा वाढतो, आणि थायरॉइड न तपासताच कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू होतं. आधीच झिरपणाऱ्या स्नायूवर स्टॅटिनचा भार पडतो आणि दुखणं, अशक्तपणा, क्वचित स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटण्यापर्यंत मजल जाते. स्टॅटिनच्या आधी टीएसएच, हा क्रम चुकवू नये.

आता या लेखाचा खरा विषय: स्नायू रक्तात सोडतो ते संदेश आणि त्यांचं थायरॉइडशी असलेलं नातं. स्नायू हालचाल घडवतो एवढंच आपण शाळेत शिकलो. तो रक्तात संप्रेरकं सोडतो, म्हणजे एका अर्थाने शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी आहे, ही समज तुलनेने ताजी आहे. २००० साली कोपनहेगनच्या संशोधकांनी एक देखणा प्रयोग केला. लोकांना एकाच पायाने पाच तास व्यायाम करायला लावला, दुसरा पाय तसाच विश्रांतीत ठेवला, आणि दोन्ही पायांच्या धमनीतलं व शिरेतलं रक्त तपासलं. काम करणाऱ्या पायातून बाहेर पडणाऱ्या रक्तात इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक रेणू वाढलेला होता; स्वस्थ पायातून तो येत नव्हता. तोवर इंटरल्युकिन-६ म्हणजे जंतुसंसर्ग, सूज, ताप असंच समीकरण होतं. इथे तेच, कुठलीही सूज नसताना, आकुंचन पावणाऱ्या स्नायूतून येत होतं, आणि पुढे दिसलं की व्यायामातलं हे इंटरल्युकिन-६ दाह शमवणाऱ्या रेणूंना वाट करून देतं, यकृताला साखर सोडायला आणि चरबीला विरघळायला सांगतं. २००३ मध्ये बेन्टे क्लार्लुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्नायुजन्य संदेशवाहकांना मायोकाइन हे नाव दिलं.

त्याआधीच, १९९७ मध्ये, मायोस्टॅटिन सापडलं होतं. स्नायूच स्वतःला ‘आता पुरे, वाढू नकोस’ असं सांगतो तो हा रेणू. तो बंद केलेले उंदीर दुप्पट स्नायूंचे झाले, आणि बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांच्या फुगीर पुठ्ठ्यांचं कोडंही त्याच वर्षी सुटलं: त्यांच्यात हे जनुक मुळातच बिघडलेलं असतं. २०१२ मध्ये आयरिसिन आलं, आणि ते मात्र गाजावाजा घेऊन आलं. ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पीजीसी-१-अल्फा वाढला की स्नायूपेशीच्या आवरणातलं एफएनडीसी-५ हे प्रथिन वाढतं, त्याचा बाहेरचा तुकडा कापला जाऊन रक्तात जातो, आणि उंदरांत तो पांढऱ्या चरबीला उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीच्या वळणावर नेतो. ग्रीक पुराणातल्या आयरिस या देवदूतीवरून त्याला आयरिसिन म्हटलं.

थायरॉइडच्या अभ्यासकांचे कान इथे टवकारले, आणि ते साहजिक होतं. उष्णता, चयापचय, पीजीसी-१-अल्फा: हा तर थायरॉइडचाच प्रांत. साखळी कागदावर अगदी सरळ मांडता येते. टी-३ कमी, म्हणून पीजीसी-१-अल्फा कमी, म्हणून एफएनडीसी-५ कमी, म्हणून आयरिसिन कमी. थायरॉइडची गोळी सुरू केली की सगळं उलट्या क्रमाने भरून येणार. २०१४ मध्ये पोलंडमधल्या एका गटाला जवळपास असंच चित्र दिसलं: थायरॉइड कमी असलेल्यांत आयरिसिन कमी, आणि सीपीके जितकं जास्त तितकं आयरिसिन खाली. स्नायूची झीज आणि स्नायूचा आवाज यांचा सांधा जुळल्यासारखा वाटला.

पण पुढचे अभ्यास एका सुरात बोलले नाहीत. काहींना थायरॉइड कमी असलेल्यांत आयरिसिन वाढलेलं आढळलं, काहींना फरकच आढळला नाही. थायरॉइड कमी केलेल्या उंदरांतही ते वाढलेलं दिसलं. या विसंगतीकडे ‘अजून संशोधन हवं’ म्हणत पाठ फिरवण्यापेक्षा तिच्यात थोडं थांबावं, कारण मंदावलेल्या थायरॉइडचं शरीर कसं वागतं हे तिच्यातच कळतं.

पहिलं कारण मोजमापाचं. आयरिसिन बहुतेक ठिकाणी तयार किटने मोजतात. किटमधलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) आयरिसिनलाच चिकटतं आणि दुसऱ्या कशाला नाही, यावर सगळा भरवसा असतो. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की बाजारातली कित्येक प्रतिपिंडं रक्तातल्या इतर प्रथिनांनाही चिकटत होती. म्हणूनच एका अभ्यासात काही नॅनोग्रॅम तर दुसऱ्यात शेकडो, हजारो, असे आकडे छापले गेले. त्याच वर्षी वस्तुमान वर्णपटमापकाने, म्हणजे रेणूचं थेट वजन ताडून, मोजलं तेव्हा बैठ्या माणसांत मिलिलिटरमागे सुमारे ३.६ नॅनोग्रॅम आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत ४.३ नॅनोग्रॅम आयरिसिन निघालं. रेणू खरा आहे, माणसाच्या रक्तात आहे, व्यायामाने वाढतो, हे ठरलं. पण फरक एवढा नाजूक असेल तर ढोबळ किटवर त्याचा निवाडा कसा करायचा?

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. थायरॉइड कमी झालेल्या माणसाला थंडी वाजते. कुडकुडणं म्हणजे स्नायूंची बारीक, जलद आकुंचनं. आणि २०१४ मध्ये माणसांवर दाखवलं गेलं की कुडकुडल्याने आयरिसिन वाढतं, जवळपास व्यायामाइतकंच. म्हणजे एकीकडे टी-३ च्या अभावाने आयरिसिनचा कारखाना मंदावतो, दुसरीकडे गारठलेलं शरीर त्याच कारखान्याला जादा पाळी लावतं. शिवाय तंतूंवरचा ऑक्सिडेशनचा ताण आणि आजार किती महिने मुरला आहे हे दोन्ही बाजूंना वजन टाकत असणार. महिनाभराचा आणि पाच वर्षांचा हायपोथायरॉइड (थायरॉइड मंदावल्याचा आजार) एकाच गटात घातले तर सरासरी काहीही निघू शकते. माझ्या मते विरोधी वाटणारे हे आकडे एकाच आजाराच्या वेगवेगळ्या वेळांचे फोटो आहेत.

एफजीएफ-२१ या आणखी एका संदेशवाहकाची गोष्ट याच धर्तीची. ते मुख्यतः यकृतातून येतं, पण मायटोकॉन्ड्रिया अडचणीत आले की स्नायूही ते सोडतो. उंदरांच्या यकृतात टी-३ त्याला वाढवतं. मग थायरॉइड कमी झालं की ते घटावं. पण २०१३ मध्ये कोरियातल्या अभ्यासात हायपोथायरॉइड रुग्णांत ते वाढलेलं निघालं, आणि त्याचा खुलासा रक्तातल्या चरबीने होत नव्हता. अडचणीतल्या पेशींची हाक म्हणून ते वाढत असावं, असं वाचलं तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. मायोस्टॅटिनबद्दल इथे फार खोलात जात नाही. थायरॉइड अति झालं तरी स्नायू झिजतो, अगदी कमी झालं तरी तो अशक्त होतो, त्यामुळे ‘संप्रेरक वाढवलं की स्नायू वाढेल’ हे गणित मुळातच चूक आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

आयरिसिन किंवा मायोस्टॅटिनची रक्तचाचणी करून घ्यावी का, असा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात येतो. घेऊ नये. त्या आकड्यावर गोळीचा एकही मायक्रोग्रॅम कमी-जास्त करता येत नाही. स्नायूची खबर घ्यायला त्याहून साधी आणि भरवशाची साधनं आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आधी उपचार. थायरॉक्सिनची गोळी रोज घ्यायची, आणि पूर्ण मात्रा लागणाऱ्या तरुण, निरोगी हृदयाच्या माणसात ती वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम येते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. वय झालेलं असेल किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात, कारण अचानक वाढलेली चयापचयाची मागणी आधी हृदयाच्या माथी पडते. टी-४ चं अर्धायुष्य साधारण ७ दिवसांचं. मात्रा बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, म्हणून टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा बघायचा. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून मात्रा वाढवून मागणं म्हणजे भात शिजायच्या आत झाकण काढून पुन्हा पाणी ओतणं.

गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटं आधी. किंवा रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान ३ तासांनी. दोन्हींपैकी जे रोज जमेल ते. पोट रिकामं असेल तर ७० ते ८० टक्के औषध आतड्यात शोषलं जातं. कॉफी, सोया, तंतुमय पूरकं यांच्यासोबत ते बरंच कमी होतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, त्यांच्यात ४ तासांचं अंतर हवं. नेमक्या थकलेल्या, अंग दुखणाऱ्या माणसालाच कॅल्शियम आणि लोह लिहून दिलेलं असतं, आणि सोयीसाठी सगळ्या गोळ्या सकाळी एकदम घेतल्या जातात. टीएसएच काही केल्या उतरत नाही याचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. आम्लपित्तावरच्या गोळ्या कायम चालू असतील तरी मात्रा जास्त लागू शकते. शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवावी, आणि उन्हापासून, ओलाव्यापासून दूर ठेवावी. हा रेणू नाजूक आहे.

चाचणीच्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्यावी, आधी नव्हे. गोळीनंतरचे काही तास फ्री टी-४, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी-४, फुगलेला दिसतो. केसांसाठी, नखांसाठी बायोटिन घेत असाल तर ते किमान दोन दिवस आधी थांबवा. कित्येक यंत्रांच्या चाचणीतच बायोटिनचा दुवा वापरलेला असतो, त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो; मात्रा जास्त झाली असं समजून ती उगाच घटवली जाते, आणि स्नायू पुन्हा उपाशी. आणखी एक खूण डॉक्टरांच्या चटकन लक्षात येते: टी-४ छान आणि टीएसएच चढलेला. महिनाभर गोळ्या चुकवून चाचणीच्या आठवड्यात नेमाने घेतल्या की कागद असा दिसतो. तसं झालं असेल तर सांगून टाकावं, नाहीतर गरज नसताना मात्रा वाढते.

समजा हे सगळं बिनचूक झालं, टीएसएच ०.४ ते ४ च्या पट्ट्यात आला. आणि तरीही जिना उंचच वाटतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं ऐकून माणूस घरी येतो आणि आपल्यालाच काहीतरी वाटतंय की काय, अशा शंकेत पडतो. तर नाही. टीएसएच हा पिट्यूटरी ग्रंथीचा अभिप्राय आहे, मांडीच्या स्नायूचा नव्हे. टी-४ चं टी-३ करणारं विकर (एन्झाइम) सगळ्या ऊतींत सारखं वागत नाही. इतर ऊतींत टी-४ भरपूर झालं की हे विकर लवकर मोडीत निघतं. टीएसएचचा लगाम जिच्या हाती असतो त्या मेंदूतल्या यंत्रणेत मात्र ते कामावर टिकून राहतं, हे उंदरांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे नुसत्या टी-४ वर असलेल्या शरीरात टीएसएच समाधानी आणि रक्तातलं टी-३ जरा खालच्या अंगाला, असं होऊ शकतं.

त्यातही सीपीके आणि ताकद यांची वेळापत्रकं निराळी. सीपीके उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच घसरू लागतं, बऱ्याचदा टीएसएच जागेवर यायच्या आधीच. ताकद मागे राहते. तंतूंची भिंत सावरणं वेगळं, आणि बारीक झालेला जलद तंतू नव्या मायोसिनने भरणं वेगळं. दुसऱ्या कामाला महिने लागतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात नव्याने निदान झालेल्या हायपोथायरॉइड रुग्णांपैकी ७९ टक्क्यांना स्नायू-मज्जातंतूंच्या तक्रारी होत्या, ३८ टक्क्यांत तपासणीत अशक्तपणा सापडला, आणि वर्षभराच्या उपचारानंतरही १३ टक्क्यांत तो शिल्लक होता. अभ्यास लहान होता, तरी त्यातली एक नोंद फार कामाची: सीपीके किती वाढलं आहे यावरून अशक्तपणा किती हे सांगता येत नव्हतं. सीपीके उतरलं म्हणून स्नायू सावरला असं मानू नये, आणि ते थोडं चढं आहे म्हणून हातपाय गाळूनही बसू नये.

मायोकाइनचा धागा इथे पुन्हा हातात घ्यावा लागतो. गोळी टी-३ पुरवते; टी-३ पंप, मायोसिन, मायटोकॉन्ड्रिया उभे करतं. पण इंटरल्युकिन-६ चा लोंढा, आयरिसिनची ती छोटीशी वाढ, यांची मुख्य कळ दाबली जाते आकुंचनाने. गोळी नियमित घेऊन दिवसभर बसून राहिलेला स्नायू दुरुस्त होतो आणि तरी गप्प राहतो. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू आणखी बारीक, असं चक्र उपचाराआधीच बसलेलं असतं, आणि ते मोडायचं काम गोळी करत नाही. उपचाराने आयरिसिन वाढतं की नाही हे पाहणाऱ्या अभ्यासांचे आकडे न जुळण्यात, लोक त्या महिन्यांत किती हलले-चालले याचाही वाटा असणारच.

मग हालचाल कधी आणि किती? सुरुवातीचे ६ ते ८ आठवडे, टीएसएच अजून वरच असताना, जोर काढू नये. ग्लायकोजेनचं दार अजून नीट उघडत नाही आणि तंतू झिरपत असतात. अशा वेळी उतारावर पळणं, भरपूर बैठका मारणं म्हणजे सीपीके आणखी चढवून आठवडाभर अंथरूण धरणं. सपाट जागी चालणं पुरे, बोलता येईल इतक्या वेगाने, १० मिनिटांपासून, दर आठवड्याला थोडं वाढवत. अंग गरम करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा, कारण सैल पडायला तंतूला वेळ लागतो. टीएसएच पट्ट्याजवळ आला की आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, टाचा उचलणं, हलकं वजन कंबरेपासून खांद्यापर्यंत उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, शेवटच्या दोन वेळा जड जातील इतकं. बारा सहज होऊ लागले की भार थोडा वाढवायचा. पायांच्या व्यायामाला प्राधान्य द्यावं. किती मोठा स्नायू कामाला लागला आणि किती वेळ, यावर इंटरल्युकिन-६ ची वाढ अवलंबून असते. मांडी आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू आहेत. हृदयाचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारून.

सीपीकेची चाचणी ठरली असेल तर आधीचे दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम आणि दंडातली इंजेक्शनं टाळावीत, नाहीतर आजाराचा आकडा कुठला आणि कालच्या व्यायामाचा कुठला हे कळायचं नाही. लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, स्नायू सुजून खूप दुखू लागले, किंवा गिळताना-श्वास घेताना जोर कमी पडतोय असं वाटलं, तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता ती साधी साधनं. पाठीला आधार असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला लावून ठेवा. हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, आणि पाचव्यांदा पूर्ण उभं राहिल्यावर घड्याळ थांबवायचं. युरोपातल्या २०१९ च्या निकषांनुसार १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर स्नायूंची ताकद कमी मानतात. मुठीची ताकद मोजायचं यंत्र मिळालं तर त्यांचेच उंबरठे आहेत पुरुषांना २७ किलो, स्त्रियांना १६ किलो. मुठीबाबत मात्र सावध राहावं. हायपोथायरॉइडमध्ये मनगटातला मज्जातंतू दाबला जाऊन बोटांना मुंग्या येणं बऱ्यापैकी आढळतं, आणि त्याने पकड सैल होते. दोष मज्जातंतूचा, ठपका स्नायूवर. म्हणून खुर्चीची चाचणी मला जास्त पसंत आहे.

टीएसएच चांगला असून सहा महिन्यांत खुर्चीचा आकडा हलत नसेल तर गोळी वाढवायची घाई करू नये. हाशिमोटोसारख्या, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच थायरॉइडवर उलटते अशा, स्वप्रतिकारक आजारात त्याचे नातेवाईकही सोबत येऊ शकतात: बी-१२ शोषू न देणारा जठराचा आजार, गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा सीलिअ‍ॅक आजार, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार. ड जीवनसत्त्व, लोह, बी-१२ यांचा छडा आधी लावावा, चालू औषधांत स्टॅटिन आहे का ते बघावं.

गोळी वाढवण्याचा मोह खरा असतो, कारण पहिल्या वाढीने बरं वाटलेलं असतं. पण मात्रा अति झाली की तोच टी-३ प्रथिनं मोडायला लावतो आणि मांड्या पुन्हा थरथरू लागतात. वर हृदयाचा ठोका अनियमित होण्याचा आणि हाडं विरळ होण्याचा धोका. टीएसएच थोडासाच चढलेल्या वयस्कांची बाब आणखी वेगळी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट चाचणीत ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांत, सौम्य बिघाडासाठी थायरॉक्सिन आणि नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी यांची तुलना केली. वर्षभराने थकव्यात फरक पडला नाही, मुठीच्या ताकदीतही नाही. त्या वयात सौम्य बिघाडाच्या टीएसएचमागे धावून मांडीत जोर येत नाही.

पुढच्या तपासणीला जाताना कागदावर टीएसएचच्या शेजारी त्याच आठवड्यातले खुर्चीचे सेकंद लिहून न्यावेत. मात्रा, गोळीची वेळ, चुकलेले दिवस, चालण्याची मिनिटं, नव्याने सुरू झालेली औषधं, हेही. दर दोन महिन्यांनी अशी एक ओळ. चार-पाच ओळी झाल्या की टीएसएच कधी खाली आला आणि सेकंद कधी घटू लागले, दोन्ही तारखा समोर दिसतात, आणि त्यांच्यामधलं अंतर बघून डॉक्टरांना मात्रेबद्दल, व्यायामाबद्दल किंवा पुढच्या तपासणीबद्दल नेमकं बोलता येतं.